इंजेक्शनचे खोके आणि लेबल कसे वाचावे : मेडिकलमध्ये नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

मिरजेत बहुतेक दवाखान्यांच्या तळमजल्यावर किंवा समोरच्या गल्लीत मेडिकल असते. इंजेक्शन तेथून विकत घेऊन वॉर्डापर्यंत नेणारी व्यक्ती बहुधा रुग्णाचा नातेवाईक असते. डॉक्टर चिठ्ठी लिहितात, नातेवाईक धावत खाली येतो, काउंटरवरचा मुलगा शेल्फवरून माल काढतो आणि वर सिस्टर ते औषध सिरिंजमध्ये भरतात. या चारही माणसांची एकत्र गाठ कधीच पडत नाही. औषधाविषयी जे काही एकाकडून दुसऱ्याकडे पोहोचते, ते केवळ खोक्यावर आणि बाटलीवर छापलेल्या मजकुरातून. गोळीच्या बाबतीत चूक लक्षात आली, तर पुढची गोळी थांबवता येते. शिरेत गेलेले औषध परत काढता येत नाही. म्हणून डी. फार्म. किंवा बी. फार्म. होऊन सांगली-मिरजेच्या मेडिकलमध्ये नव्याने उभे राहणाऱ्याने दोन कामे पक्की करावीत : लेबल ठरावीक क्रमाने वाचणे, आणि ते वाचण्याजोग्या अवस्थेत वॉर्डापर्यंत पोहोचेल अशी व्यवस्था करणे.

पहिली पायरी : चिठ्ठी आधी, माल नंतर

चिठ्ठीवर तारीख, डॉक्टरांची सही, रुग्णाचे नाव व पत्ता, औषधाचे प्रमाण आणि मात्रा आहे की नाही, हे आधी पाहावे. औषधे नियम, १९४५ (पूर्वीचे नाव औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) यांनुसार चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच द्यावे लागते. तसेच चिठ्ठीत शेड्यूल एच किंवा एक्स या नियमांतल्या औषधयाद्यांमधले औषध लिहिलेले असेल, तर त्याऐवजी दुसरे औषध आपल्या मनाने देता येत नाही. ‘तेच आहे, कंपनी वेगळी आहे’ हे वाक्य काउंटरवर दिवसभर ऐकू येते. माल संपलेला असेल, तर नातेवाईकाला वर पाठवून डॉक्टरांकडून बदल लिहून आणायला सांगावे. त्यात पाच-दहा मिनिटे जातात आणि गिऱ्हाईक कधीकधी समोरच्या दुकानात जाते. ते जाऊ द्यावे.

दुसरी पायरी : खोक्यावरची लाल खूण

खोके हातात येताच वरच्या डाव्या कोपऱ्यात पाहण्याची सवय लावून घ्यावी. तेथे आरएक्स (Rx) ही खूण आणि शेड्यूल एचचा इशारा असेल, तर ते औषध नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. आरएक्स लाल रंगात असेल आणि लाल चौकटीतल्या इशाऱ्यात ‘शेड्यूल एच१’ असे छापलेले असेल, तर ते शेड्यूल एच१ मधले आहे. हे शेड्यूल १ मार्च २०१४ पासून लागू झाले आणि सुरुवातीला त्यात ४६ औषधे होती. त्यांत सेफट्रायाक्झोन, मेरोपेनेम यांसारखी प्रतिजैविके, मिडाझोलाम आणि ट्रॅमाडॉल आहेत. म्हणजे मोठ्या दवाखान्याच्या मेडिकलमधून रोज जाणाऱ्या इंजेक्शनांचा बराच भाग याच यादीत येतो. असे औषध देताना डॉक्टरांचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषधाचे नाव आणि दिलेली संख्या स्वतंत्र नोंदवहीत लिहावी लागते आणि ती वही तीन वर्षे जपून ठेवावी लागते. ‘संध्याकाळी एकदम लिहू’ असे म्हणून ही नोंद मागे टाकू नये, कारण संध्याकाळपर्यंत चिठ्ठी नातेवाईकाच्या खिशातून पुढे गेलेली असते.

एनआरएक्स ही लाल खूण अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेतल्या औषधांवर असते आणि एक्सआरएक्स ही शेड्यूल एक्सच्या औषधांवर. केटामिन यातच येते. शेड्यूल एक्ससाठी दुकानाला वेगळा परवाना लागतो, माल कुलपात ठेवावा लागतो आणि चिठ्ठीची एक प्रत दोन वर्षे सांभाळावी लागते. जाता जाता एक सांगण्यासारखे आहे : जिममध्ये जाणारी तरुण मुले मेफेन्टरमिनची बाटली मागायला येतात, ती दम वाढवण्यासाठी. हे औषध शस्त्रक्रियेच्या वेळी उतरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी आहे आणि तेही चिठ्ठीवरचेच आहे. तेथे वाद घालत बसू नये. चिठ्ठी मागावी, म्हणजे प्रश्न मिटतो.

तिसरी पायरी : नाव

ब्रँडचे नाव ठळक रंगात असले, तरी वाचायचे ते औषधाचे मूळ नाव. २०१८ च्या दुरुस्तीनुसार हे मूळ नाव ब्रँडच्या नावापेक्षा किमान दोन आकार मोठ्या अक्षरात छापणे बंधनकारक झाले आहे. जीवनसत्त्वांची मिश्रणे आणि काही संयुक्त औषधे यांना त्यातून सूट आहे. डोपामिन आणि डोब्युटामिन, सेफोटॅक्झिम आणि सेफट्रायाक्झोन अशा जोड्या घाईत एकमेकींच्या जागी जातात. त्या एकाच कंपनीच्या असल्या, तर खोक्याचा रंग आणि रचनाही सारखीच असते. अशा जोड्या शेल्फवर शेजारी ठेवू नयेत, मग वर्णानुक्रम मोडला तरी चालेल. रंग पाहून माल ओळखण्याची सवय जुन्या लोकांनाही असते. पण कंपनी पॅकिंग बदलते, तेव्हा तीच सवय अंगाशी येते.

चौथी पायरी : ताकद

सर्वाधिक गोंधळ येथे होतो, म्हणून येथे सर्वाधिक वेळ द्यावा. इंजेक्शनच्या लेबलवर दोन वेगळ्या गोष्टी असतात : एका मिलिलिटरमध्ये औषध किती आहे, आणि संपूर्ण बाटलीत किती मिलिलिटर द्रव आहे. या दोहोंचा गुणाकार केल्याशिवाय बाटलीत एकूण किती औषध आहे, हे कळत नाही. डेक्सामेथासोनच्या २ मि.लि. व्हायलवर (रबरी बुचाच्या छोट्या बाटलीवर) ‘प्रत्येक मि.लि.मध्ये ४ मि.ग्रॅ.’ असे असते, म्हणजे व्हायलमध्ये ८ मि.ग्रॅ. झाले. ऑन्डॅन्सेट्रॉन २ मि.लि.च्या अँप्यूलमध्ये (मान मोडून उघडायच्या बंद काचेच्या कुपीमध्ये) ४ मि.ग्रॅ. असते आणि ४ मि.लि.च्या अँप्यूलमध्ये ८ मि.ग्रॅ. डायक्लोफेनॅक ७५ मि.ग्रॅ. हे जुन्या प्रकारच्या ३ मि.लि.च्या अँप्यूलमध्येही मिळते आणि १ मि.लि.च्या अँप्यूलमध्येही. चिठ्ठीवर नुसते ‘एक अँप्यूल’ लिहिलेले असेल, तर कोणते, हे विचारून घ्यावे.

हेपारिनच्या बाबतीत हा गुणाकार चुकला, तर फरक पाच पटींचा होतो. ५ मि.लि.ची एक व्हायल प्रत्येक मि.लि.ला १००० आययू (आंतरराष्ट्रीय एकके) ताकदीची असते, म्हणजे एकूण ५००० आययू. दुसरी तेवढ्याच आकाराची व्हायल प्रत्येक मि.लि.ला ५००० आययूची, म्हणजे एकूण २५,००० आययू. ‘हेपारिन पाच हजार’ असे तोंडी सांगितले गेले, तर दोन्हींपैकी कोणतीही पुढे केली जाऊ शकते, आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधात पाच पट म्हणजे रक्तस्राव.

काही लेबलांवर ताकद गुणोत्तरात किंवा टक्क्यांत असते. ॲड्रेनलिनवर १:१००० असे लिहिले असेल, तर १००० मि.लि.मध्ये १ ग्रॅम, म्हणजे १ मि.लि.मध्ये १ मि.ग्रॅ. हा अर्थ लागतो; १:१०,००० हे त्याच्या दहाव्या हिश्श्याचे. टक्क्याचा अर्थ १०० मि.लि.मध्ये इतके ग्रॅम, त्यामुळे लिग्नोकेन २ टक्के म्हणजे प्रत्येक मि.लि.ला २० मि.ग्रॅ. आणि डेक्स्ट्रोज ५ टक्क्यांच्या ५०० मि.लि. सलाईनमध्ये २५ ग्रॅम साखर.

इन्सुलिन हा घरी नेऊन स्वतः टोचण्याचा प्रकार असल्याने त्याचा हिशेब गिऱ्हाइकालाच समजावून द्यावा लागतो. आपल्याकडे १० मि.लि.च्या व्हायलमध्ये इन्सुलिन बहुधा ४० आययू प्रति मि.लि. ताकदीचे असते, तर पेनमध्ये घालायच्या ३ मि.लि.च्या कार्ट्रिजमध्ये ते १०० आययू प्रति मि.लि. ताकदीचे असते. सिरिंजही त्यानुसार दोन आहेत : ४० च्या सिरिंजला लाल टोपी, १०० च्या सिरिंजला नारिंगी. सुईचे टोपण आणि खोक्यावरचा आकडा जुळला नाही, तर काय होते ते आकड्यांतच पाहावे. डॉक्टरांनी २० युनिट लिहिले आहेत; लाल टोपीच्या सिरिंजवर २० ची रेघ म्हणजे अर्धा मि.लि. पेन बिघडले म्हणून रुग्णाने त्याच सिरिंजने कार्ट्रिजमधून अर्धा मि.लि. ओढले, तर शरीरात ५० युनिट जातात, आणि साखर इतकी खाली जाते की रुग्ण बेशुद्ध पडतो. उलट नारिंगी टोपीच्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत ४० चे इन्सुलिन ओढले, तर जातात फक्त ८ युनिट. म्हणून इन्सुलिन देताना व्हायल आणि सिरिंज एकाच वेळी काउंटरवर ठेवून दोन्हींवरचे आकडे गिऱ्हाइकाला बोटाने दाखवावेत. मिरजेत विजापूर, बेळगावकडून येणारे रुग्ण पुष्कळ असतात; मराठी समजत नसेल, तर कन्नड येणाऱ्या सहकाऱ्याला बोलवावे. लेबल इंग्रजीतच असते आणि ते वाचता येईल असे गृहीत धरू नये.

या पायरीचा शेवट पोटॅशियम क्लोराइडने करतो. १० मि.लि.च्या अँप्यूलमध्ये प्रत्येक मि.लि.ला १५० मि.ग्रॅ. असते आणि ते सलाईनमध्ये मिसळून पातळ करूनच द्यायचे असते. थेट शिरेत ढकलले, तर हृदय थांबते. हे अँप्यूल आकाराने पाण्याच्या किंवा नॉर्मल सलाईनच्या १० मि.लि. अँप्यूलसारखे दिसते. त्याची जागा शेल्फवर वेगळी असावी आणि देताना ते कधीही पाण्याच्या अँप्यूलसोबत एका पिशवीत घालू नये. माझ्या मते दुकानातल्या सगळ्या नियमांत हा सर्वांत वरचा आहे.

पाचवी पायरी : कोठे टोचायचे

लेबलवर आय.एम. म्हणजे स्नायूत, आय.व्ही. म्हणजे शिरेत, एस.सी. म्हणजे त्वचेखाली आणि आय.डी. म्हणजे त्वचेच्या थरात, असे मार्ग लिहिलेले असतात. टोचणे आपले काम नसले, तरी चिठ्ठीवरचा मार्ग आणि लेबलवरचा मार्ग यांत तफावत दिसली, तर ते डॉक्टरांच्या कानावर घालणे आपलेच काम आहे. बेन्झाथिन पेनिसिलिन फक्त खोल स्नायूत द्यायचे असते. ते शिरेत गेले, तर जिवावर बेतते. व्हिन्क्रिस्टिनसारख्या कर्करोगावरील औषधावर ‘फक्त शिरेत; अन्य मार्गाने दिल्यास प्राणघातक’ अशा अर्थाचा इशारा असतो आणि तो झाकला जाईल अशी किमतीची चिठ्ठी किंवा दुकानाचा शिक्का त्यावर मारू नये. इंजेक्शनसाठीचे निर्जंतुक पाणी हे पूड विरघळवण्यासाठी आहे. ते नुसतेच शिरेत मोठ्या प्रमाणात गेले, तर रक्तातल्या लाल पेशी फुटतात. सेफट्रायाक्झोन १ ग्रॅमच्या खोक्यात व्हायलसोबत पाण्याचे अँप्यूल येते. नातेवाईक कधीकधी नुसती व्हायल खिशात टाकतो आणि पाणी काउंटरवर विसरतो. दोन्ही ट्रेसह द्यावे.

सहावी पायरी : बॅच आणि तारीख

बॅच म्हणजे कंपनीने एका खेपेत बनवलेला माल. नियम असा आहे की बॅच नंबर, तारखा वगैरे लेबलवरचा मजकूर सर्वांत आतल्या बाटलीवरही असला पाहिजे आणि तिच्या बाहेरच्या प्रत्येक आवरणावरही. अँप्यूल लहान असल्याने त्यावर उत्पादकाचे पूर्ण पत्त्याऐवजी नाव आणि मुख्य ठिकाण एवढेच चालते. बॅच नंबर आणि एक्स्पायरी मात्र तेथे हवीच. स्टॉकिस्टकडून माल आल्यावर बिलावरचा, खोक्यावरचा आणि आतल्या अँप्यूलवरचा बॅच नंबर असे तिन्ही जुळवावेत. घाईत आपण बिल आणि खोके जुळवतो आणि खोके उघडतच नाही. खऱ्या खोक्यात खोटा किंवा जुना माल भरलेला असला, तर तो फक्त तिसऱ्या जुळवणीत सापडतो.

एक्स्पायरी महिना आणि वर्ष अशी लिहिलेली असेल, तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध वापरता येते. मुदत संपलेला माल विक्रीच्या मालातून काढून वेगळ्या खोक्यात ठेवावा आणि त्या खोक्यावर ‘विक्रीसाठी नाही’ असे ठळक लिहावे. परतीची वाट पाहणारा माल शेल्फच्या मागे सरकवून ठेवणे हा गुन्हा ठरतो. ‘शासकीय पुरवठा’ किंवा ‘डॉक्टरांसाठी नमुना’ असा शिक्का असलेला माल कोणीही, कितीही स्वस्तात आणून दिला, तरी आत घेऊ नये.

शेड्यूल एच२ मधल्या ३०० ब्रँडच्या बाबतीत १ ऑगस्ट २०२३ पासून बारकोड किंवा क्यूआर कोड छापणे सक्तीचे आहे. तो मोबाईलने वाचला, की औषधाचे नाव, उत्पादक, बॅच, दोन्ही तारखा आणि उत्पादन परवान्याचा क्रमांक दिसतो. कोड आहे म्हणून माल खरा, असे समजू नये. कोडमधला मजकूर आणि छापील मजकूर एकमेकांशी जुळतो का, ते पाहावे.

सातवी पायरी : बाटली, बूच आणि आतला द्रव

व्हायलचे प्लास्टिकचे टोपण घट्ट आहे का, त्याखालची ॲल्युमिनियमची कडी सैल फिरते का, हे बोटाने तपासावे. कडी फिरत असेल, तर ती बाटली बाजूला काढावी. अँप्यूलच्या मानेवर ठिपका असेल, तर तो आपल्याकडे ठेवून विरुद्ध दिशेला दाबल्यावर काच नेमकी तेथे तुटते. रंगीत कडे असेल, तर कोणत्याही बाजूने तुटते. तपकिरी काच उजेडाने खराब होणाऱ्या औषधासाठी असते, म्हणून असे अँप्यूल खोक्याबाहेर काढून काउंटरच्या काचेखाली मांडून ठेवू नये. द्रव उजेडासमोर धरून, एकदा पांढऱ्या आणि एकदा काळ्या पुठ्ठ्यासमोर, हळूच उलटा करून पाहावा. एरवी स्वच्छ असणाऱ्या द्रवात तरंगणारे कण, धुरकटपणा किंवा बदललेला रंग दिसला, तर तो विकू नये. अपवाद मॅनिटॉल २० टक्क्यांचा : थंडीत त्याचे स्फटिक बनतात आणि बाटली गरम केली, की ते विरघळतात. तरीही देताना ते सांगावे, म्हणजे वरच्या सिस्टर स्फटिक विरघळल्याशिवाय बाटली लावणार नाहीत.

आठवी पायरी : थंडावा

‘२ ते ८ अंश सेल्सिअस, गोठवू नये’ या ओळीचे दोन भाग आहेत आणि दुसऱ्या भागाकडे दुर्लक्ष होते. गोठलेले इन्सुलिन पुन्हा पातळ झाले, तरी निकामीच असते. ते फ्रीजच्या दारात ठेवू नये, बर्फाच्या कप्प्यालगतही ठेवू नये. मधल्या कप्प्यात, भिंतीपासून दूर ठेवावे आणि तापमान दिवसातून दोनदा वहीत लिहावे. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडे जाणाऱ्या गिऱ्हाइकाला एप्रिल-मे महिन्यांत एसटीचा प्रवास उन्हातून करायचा असतो. त्याला जेलची थंड पिशवी द्यावी, पण औषधाचे खोके आणि पिशवी यांच्या मध्ये कागदाची घडी घालावी. उघडलेली इन्सुलिनची व्हायल साधारण चार आठवड्यांत संपवायची असते. उघडल्याची तारीख लेबलवर पेनाने लिहायला सांगावे.

साप चावण्यावरच्या प्रतिविषाचे लेबल ऊसपट्ट्यात आणि शिराळा तालुक्यात काम करणाऱ्याने विशेष लक्षपूर्वक वाचावे. हे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर असते, आणि प्रत्येक मि.लि. कोणत्या सापाचे किती विष निष्प्रभ करते, ते व्हायलवर लिहिलेले असते. पुडीच्या रूपातले आणि द्रवरूप प्रतिविष यांची साठवण वेगळी असते. द्रवरूप फ्रीजमध्येच लागते. एका रुग्णाला अनेक व्हायल लागतात, म्हणून देताना सगळ्यांच्या तारखा पाहाव्यात, फक्त पहिल्या व्हायलची नव्हे.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या बाजारपेठेत शिरले. अशा वेळी पाण्यात बुडालेले अँप्यूल वरून धडधाकट दिसते, पण त्याचे लेबल सुटलेले असते आणि वीज गेल्याने फ्रीजही बंद पडलेला असतो. लेबल नसलेले अँप्यूल किती महागाचे होते, ते आठवत बसू नये. त्याची यादी करून नाश करायला द्यावे.

नववी पायरी : एकेक सुटे पॅक का असते

काही औषधे एका मात्रेच्या पॅकमध्येच विकायची, असा कायदाच आहे, आणि त्यामागची कारणे आपल्या भागातल्या गोठ्यांपर्यंत पोहोचतात. जनावरांना दिलेले डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मेली. २००६ मध्ये पशुवैद्यकीय वापरासाठी या औषधाच्या उत्पादनावर बंदीचे पाऊल उचलले गेले, तरी माणसांसाठीच्या मोठ्या व्हायल गोठ्यात जातच राहिल्या; म्हणून २०१५ मध्ये माणसांसाठीचे इंजेक्शनही एका मात्रेच्या पॅकमध्येच द्यावे, असे ठरले. म्हशीला पान्हा सोडवण्यासाठी होणाऱ्या गैरवापरामुळे ऑक्सिटोसिनवरही असेच बंधन आले. कोणी ‘जनावरासाठी दहा-बारा डायक्लोफेनॅक द्या’ म्हणाले, तर देऊ नये. जनावरांच्या औषधाच्या लेबलवर जनावराच्या डोक्याचे चित्र आणि माणसांसाठी नसल्याचा इशारा असतो. ती औषधे दुकानात असली, तर वेगळ्या कपाटात ठेवावीत.

दहावी पायरी : सुटे अँप्यूल देताना

दहाच्या खोक्यातून दोन अँप्यूल द्यायची असतील, तर ती नुसती हातात देऊ नयेत. कागदी पाकिटात घालून त्यावर औषधाचे मूळ नाव, ताकद, बॅच, एक्स्पायरी आणि मार्ग लिहावा. एका पाकिटात एकच औषध असावे. उरलेली आठ अँप्यूल त्याच खोक्यात ठेवावीत. दोन बॅचचा सुटा माल एका खोक्यात ओतू नये, कारण कंपनीने एखादी बॅच परत मागवली, तर मग आपल्याकडची कोणती, हे सांगता येत नाही. बिलावरही बॅच नंबर लिहावा. इंजेक्शननंतर रुग्णाला त्रास झाला, तर डॉक्टर औषधनिगराणी केंद्राला कळवतात, आणि त्या अर्जात बॅचही विचारली जाते. रिकामे अँप्यूल तोपर्यंत कचऱ्यात गेलेले असते आणि बिलच तेवढे हाती राहते.

वॉर्डातली रिकामी काच निळ्या खुणेच्या, न भेदल्या जाणाऱ्या व न गळणाऱ्या खोक्यात, सुया पांढऱ्या न भेदल्या जाणाऱ्या डब्यात आणि मुदत संपलेले औषध पिवळ्या पिशवीत जाते. महागड्या औषधांच्या रिकाम्या व्हायल अखंड लेबलसह बाहेर पडल्या, तर त्या पुन्हा भरून विकल्या जाण्याचा धोका असतो. दवाखान्याशी जोडलेल्या मेडिकलमध्ये असाल, तर अशा व्हायलचे लेबल ओरखडून टाकूनच त्या देण्याची पद्धत वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरांशी बोलून ठरवून घ्यावी. घरी इन्सुलिन घेणाऱ्यांना वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या, झाकणाच्या बाटलीत साठवून दवाखान्यात आणून द्यायला सांगावे.